आगीला चेहरा नसतो: बंबवाला आणि पोलीस, एआय कुणाच्या कामात आधी शिरेल?

होममैदानकर: सोलापुरात गड्डा यात्रेच्या शोभेच्या दारूकामाला होम मैदानावर उभा होतो. एका बाजूला दोर धरून पोलीस, दुसऱ्या बाजूला बंब तयार. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, दहा वर्षांनी या दोघांच्या जागी यंत्रं दिसतील." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३ साली ७०२ कामं तपासून कुठलं काम संगणकाकडे जाईल याचा अंदाज बांधला होता. त्यात आग विझवणाऱ्यांची शक्यता १७ टक्के धरली होती, गस्तीच्या पोलिसांची जेमतेम १०. मला हे उलटं वाटतं. बंबवाल्याचं काम अंगमेहनतीचं, आणि दर आगीची जागा वेगळी. पोलिसाचं निम्मं काम बघणं, ओळखणं, लिहून ठेवणं. ते यंत्राला आत्ताच जमतंय. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या एआयसाठी 'मार्व्हल' नावाची कंपनीच काढली. धोका मात्र पोलिसाच्या वाट्याला तेवढाच राहणार, कारण दगड सुरू झाले की पुढं कॅमेरा जात नाही. तुम्हाला काय वाटतं?

टॉवेलवाला: साफ चूक. यंत्राची गरज आधी बंबवाल्याला आहे. मे २०२५ मध्ये आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखाना पेटला, ८ जीव गेले. माझी शेड त्याच भागात आहे. सूत आणि तयार माल पेटला की धुरात स्वतःचा हात दिसत नाही. तिथं कुणाच्या तरी पोराला का ढकलायचं? मुंबईने २०१९ मध्ये रोबो घेतला, वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या आगीत नेलाही. दिल्लीने २०२२ मध्ये दोन घेतले. त्याच २०१९ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळत होतं, तेव्हा आत पाणी मारायला कोलोसस नावाचा रोबोच गेला.

बंबवाल्याचा_भाऊ: शेठ, नोत्र दामचं दार बघा आणि आपल्या कारखान्याचं बघा. आपल्याकडं खाली माग, वर बिऱ्हाड, मध्ये एकच जिना, त्या जिन्यावर पण बाचकी. तो रोबो म्हणजे पट्ट्यांवर चालणारा छोटा रणगाडा. मागं पाण्यानं भरलेला पाइप ओढत कुठं वळणार? अडकला तर काढायला परत माझा भाऊच. आणि तो स्वतः ठरवून काही करत नाही, लांब उभा माणूस चालवतो. उगाच एआय एआय काय बे!

निवृत्त_हवालदार: होममैदानकर, तुमचा 'निम्मं काम' वाचून हसू आलं. लिहायचं काम यंत्राने नेलं तर पेढे वाटीन, पंचनामे लिहून बोटं झिजली आमची. पण 'ओळखणं' एवढं सोपं नाही ओ. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला संगणकाने फोटो जुळवला म्हणून पोलिसांनी एका माणसाला बायको-पोरींदेखत घरापुढून उचललं. आरोप घड्याळं चोरल्याचा. सुमारे ३० तास कोठडीत काढल्यावर सुटला. चोर तो नव्हताच.

बंबाचं यंत्र चुकलं तर एक फेरी फुकट जाते. आगीला चेहरा नसतो. आमचं यंत्र चुकलं तर कुणाच्या तरी दारात गाडी उभी राहते, आणि गल्ली ते विसरत नाही.

टॉवेलवाला: आणि माणूस काय चुकत नाही का, हवालदारसाहेब?

निवृत्त_हवालदार: चुकतो की. मीही चुकलोय. पण तेव्हा लोक माझ्या दारात येऊन मला शिव्या देऊ शकत होते. संगणकाच्या चुकीला जाब कुणाला विचारणार? फौजदार म्हणणार संगणकाने सांगितलं, संगणकवाला म्हणणार मी फक्त शक्यता सांगितली. २०१६ मध्ये डॅलसला तर पोलिसांनी रोबोला स्फोटकं बांधून दडून बसलेल्या बंदूकवाल्याला मारलं. पोलीस वाचले, मान्य. तरी तो निर्णय माणसानेच घेतला होता. पुढं तोही यंत्राकडे दिला तर?

होममैदानकर: हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. काम जाणं वेगळं आणि जबाबदारी पुसट होणं वेगळं, हे मी एकाच मापात मोजत होतो. तरी एक धरून राहतो: यंत्र आलं की "आता माणसं कशाला?" हे पोलिसाबाबत आधी विचारलं जाईल. कॅमेऱ्यांच्या भिंतीपुढं चार जण बसवले की वरच्यांना वाटतं, अख्खं गाव दिसतंय.

बंबवाल्याचा_भाऊ: आमच्याकडंही विचारतील. रोबोच्या उद्घाटनाला फीत असते, भरतीला नसते. असो. टॉवेलवाले, रोबोचं राहू द्या. तुमच्या शेडला दुसरं दार आहे का?

टॉवेलवाला: आहे.

बंबवाल्याचा_भाऊ: उघडतं का?

टॉवेलवाला: ...आतून मालाच्या गाठी लावल्यात. हलवतो उद्या.