जवळची रुग्णवाहिका कुठली, नकाशावरची की रस्त्यावरची?

सत्तरीकर:
गोव्यात १०८ सेवा २००८ पासून आहे. गाडी कुठली पाठवायची आणि ती एरवी कुठे उभी ठेवायची, हे सरळ अंतरावर ठरू नये असं माझं ठाम मत आहे. दिवाडी बेटावरून फोन आला समजा. नकाशावर पट्टी ठेवली तर जुन्या गोव्यातली गाडी अगदी समोर दिसते. पण मध्ये मांडवी आहे. फेरीबोट पलीकडच्या काठाला असेल तर ती परतेपर्यंत धक्क्यावर ताटकळत बसायचं. म्हणून प्रत्येक थांब्यावरून दहा मिनिटांत, वीस मिनिटांत रस्त्याने कुठवर पोचता येतं त्याचे पट्टे काढा. पावसाळ्याचे वेगळे, डिसेंबरचे वेगळे. नाताळात कळंगुटचा रस्ता संध्याकाळी कसा तुंबतो ते बार्देशकरांना सांगायला नको. आणि नवीन जुवारी पुलासारखी वाट खुली झाली की हे गणित पुन्हा मांडायलाच हवं.

सासष्टीची सून:
नाही पटलं. आमच्या सासऱ्यांच्या छातीत रात्री दुखू लागलं तेव्हा गाडी गावात वेळेत आली होती. पण ‘वरचा वाडा’ म्हणताच ती दुसऱ्याच वरच्या वाड्यावर गेली. मी टॉर्च घेऊन खुरसाकडे (क्रुसाकडे) उभी होते आणि गाडीचा दिवा समोरच्या टेकडीवर फिरताना मला दिसत होता. तुमचे पट्टे तिथे काय करणार? आधी वाड्यांची, आडवाटांची नावं नकाशावर घाला.

सत्तरीकर:
ताई, वाचून वाईट वाटलं. वाडे नकाशावर हवेतच, फोनचं नेमकं ठिकाणही नियंत्रण कक्षाला दिसायला हवं. पण गाडीच दूर असेल तर घर सापडून काय उपयोग?

काणकोणकार:
मला वेगळीच भीती आहे. अशा गणितात बहुधा एकच विचारतात: आहेत तेवढ्या गाड्यांत ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त माणसं कशी येतील? चर्च आणि रेव्हेल या संशोधकांनी १९७४ साली मांडलेला प्रश्न तो हाच. लोकसंख्या हेच वजन धरलं तर तिसवाडी, बार्देश, सासष्टीला गाड्या मिळतील. सांगे-काणकोणच्या वाट्याला काय? दुसरं, गाडी काही नेहमी रिकामी नसते. आमच्याकडचा गंभीर रुग्ण बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेला की जाऊन-येऊन तासन्‌तास जातात. तेवढा वेळ तुमच्या नकाशावर तालुका हिरवा, प्रत्यक्षात रिकामा!

सत्तरीकर:
हे मात्र खरं. गाडी गुंतलेली असण्याची शक्यता धरणारी मांडणी डॅस्किन या संशोधकाने १९८३ मध्ये केली आहे, ती घ्या. आणि दूरच्या तालुक्यांसाठी ‘इतक्या मिनिटांपेक्षा उशीर नको’ अशी अट वेगळी घाला. एक गाडी बांबोळीला निघाली की घाटापलीकडच्या बाळ्ळीची काणकोणकडे सरकवायची.

सासष्टीची सून:
मग बाळ्ळीच्या लोकांनी काय करायचं? आणि चालक, तंत्रज्ञ रात्रभर रस्त्याकडेला गाडीत बसणार? त्यांना संडास, पाणी, पाठ टेकायला जागा नको का? नकाशा काढणाऱ्याने एक पाळी त्यांच्यासोबत काढावी.

काणकोणकार:
सरकवायचीच असेल तर करमळ घाटाच्या बाळ्ळीकडच्या बाजूला नको. पावसात घाटात झाड आडवं पडलं की ती पुन्हा तिकडेच अडकणार. घाट ओलांडून काणकोणच्या चावडी गावापर्यंत आणा, तिथे आरोग्य केंद्र आहे, माणसांना बसायला छप्पर तरी मिळेल.