व्हिडिओच्या रेझोल्यूम सॉफ्टवेअरला आर्ट-नेट (नेटवर्कवरून जाणारा लाईटचा सिग्नल) पोचेना, शार्पी (फिरणारे बीम लाईट) मात्र चालतात. १७ तारखेला शो आहे, लवकर सांगा

नांदेडी_लाईटवाला
रेझोल्यूममध्ये डीएमएक्स (लाईट कंट्रोलचा सिग्नल) शॉर्टकट टाकलेत, आर्ट-नेट चालू केलंय, तरी क्लिप ट्रिगर होईना गेलंय. लाईट सगळे व्यवस्थित चालायलेत, म्हणजे आर्ट-नेट जातंय. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं नृत्यनाट्य आहे. निजामाच्या शरणागतीची घोषणा झाली की त्याच क्षणी एलईडी वॉलवर तिरंगा आणि सगळ्या शार्पी पांढऱ्या, एकाच क्यूवर, म्हणजे एकाच बटणावर पाहिजे. दोन माणसांनी दोन बटणं दाबून हे जमत नाही. माहीत असेल त्यानंच सांगा, गुगल करा म्हणू नका.

फेडर_वर_बोट
रेझोल्यूमचं अरेना व्हर्जन की एव्हेन्यू? आयपी काय दिलाय? नोड (आर्ट-नेटचं डीएमएक्स करणारा डबा) कुठला? वायफाय चालू आहे का?

परभणी_साउंड
९०% वेळा केबलचा घोळ असतो. डीएमएक्सला ११० ओहमची केबल लागते, आपली पोरं माइकची केबल ओढतात. शेवटच्या शार्पीला २ आणि ३ पिनमध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर लावा, सगळं सुतासारखं सरळ होईल.

नांदेडी_लाईटवाला
शार्पी चालू आहेत हो! क्लिप होईनात. अरेनाच आहे, आयपी बरोबर आहे.

फेडर_वर_बोट
"बरोबर" म्हणजे किती? आकडा टाका.

मिडीभक्त
आर्ट-नेटच्या नादी लागूच नका दादा. एक मिडी कंट्रोलर (यूएसबीचा बटणांचा डबा) घ्या, क्लिपला बटण मॅप करा, विषय संपला. मी लातूरला सगळी लग्नं, संगीत त्याच्यावरच काढतो.

ट्रस_आणि_टॉमी
त्यांना एकाच क्यूवर पाहिजे म्हणालेत, वाचा तरी. तुमच्या बटणानं शार्पी कशा पांढऱ्या होतील? खरा उपाय टाइमकोड. ऑडिओ ट्रॅकसोबत एसएमपीटीई (वेळ सांगणारा सिग्नल) सोडा, लाईट आणि अरेना दोन्ही त्याच्यावर धावतील. हात लावायची गरज नाही.

मिडीभक्त
आणि निवेदक मध्येच पाहुण्यांचा सत्कार करायला लागला की? टाइमकोड थांबतो का त्याच्यासाठी? आपल्याकडं आमदार स्टेजवर कधी चढतील याचा क्यू कुणाकडंच नसतो.

ट्रस_आणि_टॉमी
ट्रॅक पॉज करायचा. रिहर्सल नावाची गोष्ट असते.

कंधारचा_वाचक
लाईटचं मला कळत नाही, पण नाट्यात स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आहेत का? लढ्याच्या पैशासाठी उमरी बँक लुटल्याचा प्रसंग बहुतेक जण गाळतात. आपल्याच जिल्ह्यातला आहे, तो घ्या.

नांदेडी_लाईटवाला
काका, स्क्रिप्ट शाळेची आहे, मी फक्त लाईट मारतो. लॅपटॉप २.०.०.१०, नोड २.०.०.२०, सबनेट २५५.०.०.०. वायफाय बंद. रेझोल्यूममध्ये अडॅप्टर पण तोच निवडलाय. अजून काय राहिलं?

फेडर_वर_बोट
"लॅपटॉप" एकच लिहिलात. लाईटचं कन्सोल कुठंय मग?

नांदेडी_लाईटवाला
कन्सोल कुठलं, पीसीचं सॉफ्टवेअर आहे ना, सोबत फेडर विंग. रेझोल्यूमच्याच लॅपटॉपवर. सगळे तसंच करतात, त्यात सांगायचं काय.

फेडर_वर_बोट
तिथंच गोम आहे. आर्ट-नेट यूडीपीच्या ६४५४ पोर्टवर चालतं. लाईटिंग सॉफ्टवेअर नोडची उत्तरं ऐकायला तो पोर्ट धरून बसतं, रेझोल्यूमलाही तोच पाहिजे. एका मशीनवर दोघं भांडले की बऱ्याचदा एकालाच पॅकेट मिळतं. शिवाय तुम्ही नोडच्या आयपीवर युनिकास्ट करत (फक्त त्या एकाच पत्त्यावर पाठवत) असाल तर शार्पी चालतील आणि रेझोल्यूमला काहीच कळणार नाही. म्हणून "लाईट चालतात म्हणजे आर्ट-नेट जातंय" यावर जाऊ नका, जातंय कुणाकडं ते बघा.

दुसरा लॅपटॉप मिळवा. रेझोल्यूम त्यावर, आयपी २.०.०.११, मध्ये साधा वायरचा स्विच. कन्सोल सॉफ्टवेअरमध्ये ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवणं) करा किंवा २.०.०.११ हा पत्ता वेगळा जोडा. विंडोजचं फायरवॉल "पब्लिक" नेटवर्कवर पॅकेट अडवतं, तिथं रेझोल्यूमला परवानगी द्या.

परभणी_साउंड
आणि माइकची केबल काढा.

ट्रस_आणि_टॉमी
काका, माझ्या माइकच्या केबलीवर आठ-आठ शार्पी चालल्यात.

परभणी_साउंड
चालतात. जनरेटरवर आल्या की एखादी मध्येच मान टाकते, मग शार्पी खराब म्हणून माझ्याकडं पाठवता.

नांदेडी_लाईटवाला
दुसरा लॅपटॉप आणला. फेडरनं वॉल काळी व्हायली, क्लिप यायल्यात. पण आता शार्पीचं पॅन फिरवलं तरी क्लिप बदलायल्यात. हे नवीनच.

फेडर_वर_बोट
शार्पी किती, कुठल्या पत्त्यावर? क्लिपचे शॉर्टकट कुठल्या चॅनलवर?

नांदेडी_लाईटवाला
शार्पी २४, १ पासून. क्लिप पण १ पासून २० पर्यंत दिल्यात.

फेडर_वर_बोट
मग होणारच. शार्पी १६ चॅनलच्या मोडमध्ये असेल तर २४ म्हणजे ३८४ चॅनल त्यांनीच खाल्ले. पहिल्या शार्पीचे सगळे १६ चॅनल तुमच्या क्लिपवर आणि दुसरीचे पहिले चार उरलेल्यांवर बसलेत. एका युनिव्हर्समध्ये (डीएमएक्स चॅनलच्या एका गटात) ५१२ च असतात, वॉश, ब्लाइंडर असे बाकीचे लाईट आले की संपले. व्हिडिओला अख्खं दुसरं युनिव्हर्स द्या. मोजणी सांभाळा: बरीच कन्सोल १ पासून मोजतात, आर्ट-नेटची मोजणी ० पासून. कन्सोलचं युनिव्हर्स २ म्हणजे रेझोल्यूममध्ये सबनेट ०, युनिव्हर्स १.

क्यूच्या बाबतीत एक. तिरंग्याची क्लिप आधीच चालू ठेवा, फक्त लेयरची ओपॅसिटी (किती दिसायचं ते) शून्य. क्यूमध्ये ओपॅसिटी आणि शार्पीचा पांढरा एकाच वेळी शून्य सेकंदाच्या फेडवर. ऐनवेळी क्लिप लोड करायला गेलात तर जड फाइल अर्धा श्वास घेते, आणि वॉलचा प्रोसेसरही एखादी फ्रेम मागं असतो. शार्पी पुढं गेल्या तर क्यूमध्ये लाईटला बारीक डिले द्या, डोळ्यानं जुळवा.

नांदेडी_लाईटवाला
लागलं. लाईटला जरासा डिले द्यावा लागला. उद्या ग्राउंडवर ट्रस चढतेय, तिथंच बघतो. आभारी आहे फेडर सर.

जालना_डीजे
धागा वर काढतोय. माझ्याकडं एव्हेन्यू आहे, त्यात हे होईल का?

फेडर_वर_बोट
नाही. डीएमएक्स फक्त अरेनात.

मिडीभक्त
एव्हेन्यूला मिडी चालते दादा. मेसेज करा, मॅपिंग पाठवतो.