सर्विसिंग करून आणली आन् गाडी बिघडली, तुमच्याबरोबर झालंय काय असं?

सुरुवात मीच करतो. शनिवारी उद्यमनगरात पल्सरची सर्विसिंग केली, ऑइल, फिल्टर, चेन, सगळं. रविवारी पहाटे पन्हाळ्याला निघालो, केर्लीपर्यंत झकास, पण वाघबीळच्या चढाला पिळली तर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी पुढं जाईना. मागं बायको, म्हणते मी उतरू का. मला वाटलं क्लचप्लेटा गेल्या, बसला भुर्दंड. सोमवारी दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली तर त्यानं प्लेटांना हातच लावला नाही, आधी विचारलं ऑइल कुठलं घातलंय. पहिल्या गॅरेजात जाऊन डबा बघितला, कारचं ऑइल! आपल्या बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतोय, आणि कारच्या बऱ्याच ऑइलात घर्षण कमी करायला जे काय घालतात त्यानं प्लेटा घसरतात. बाइकच्या डब्यावर जासो एमए नाहीतर एमए२ (असल्या ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं पाहिजे. पहिला मिस्त्री म्हणतोय, "आम्ही सगळ्यांना हेच घालतो." आता काय बोलणार. स्वखर्चानं ऑइल बदललं, ३०० किलोमीटरला परत एकदा बदललं, आता खेचतीय.

फुलेवाडीकर
माझं उलटं, ऑइल जास्त झालेलं. स्प्लेंडर साइड स्टँडवर डावीकडं कललेली, ऑइल मोजायची पट्टी उजव्या बाजूला, मग ती कमीच दाखवणार की! पोरानं बघितलं आणि वरनं आणखी ओतलं. दोन दिवसांत सायलेन्सरमधनं निळा धूर, एअर फिल्टर उघडला तर भज्यासारखा तेलकट. मेन स्टँडवर लावून जादाचं काढलं, फिल्टर नवा, मिटलं. ते पोरगं मात्र अजून साइड स्टँडवरच बघतंय.

कळंब्याची ताई
माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्क ब्रेकच्या डबीत कुणीतरी इंजिन ऑइल टॉपअप केलं होतं. झाकणावर डॉट ४, म्हणजे ब्रेक ऑइलचा प्रकार, लिहिलेला असतानाही! आधी लिव्हर कडक झाला, मग चाक धरायला लागलं. रंकाळ्यापाशी थांबले तर डिस्क इतकी तापलेली की पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन आवाज. खनिज तेलानं आतले रबरी सील फुगतात, त्यामुळे नुसतं ऑइल बदलून भागत नाही, वरच्या डबीचं किट, कॅलिपरचे सील, पाइप सगळं बदलावं लागलं. गॅरेजच्या मालकाला जुने सील टेबलावर ठेवून दाखवले, शेजारी नवे. गप्प झाले, म्हणाले "ताई, मजुरी नको, सामान निम्मं माझं." मी घेतलं. कच्च्या चिठ्ठीवर ग्राहक आयोगात काय सांगणार होते?

एक गॅरेजवाला
शिव्या घाला, पण ऐका. माझ्याकडं तर पोरगं जुनं ऑइल काढून चहाला गेलं आणि दुसऱ्यानं गाडी धुऊन गिऱ्हाइकाला दिली. कोरडी! नशीब, गल्लीच्या टोकाला मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा बघून त्यांनी बंद केली. इंजिनचं हेड उघडून बघितलं, माझ्या खर्चानं. तेव्हापास्नं ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट काढला की गाडीची किल्ली नव्या डब्याच्या कडीला अडकवायची. डबा रिकामा झाल्याशिवाय किल्ली सुटत नाही.

फुलेवाडीकर
भारी आयडिया भावा, त्या पोराला पाठवतो तुमच्याकडं.