दहा आज्ञा आणि इच्छास्वातंत्र्य : वर्गात नेमकं कसं सांगावं?

अर्नाळा_धर्मशिक्षण
नववी-दहावीच्या धर्मशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो : "आज्ञा मोडली की पाप लागतं, मग देवाने स्वातंत्र्य दिलं म्हणता ते कशाचं?" त्यावर सहसा बावट्याचं उदाहरण दिलं जातं. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तरी होडी काढायची की नाही हे तांडेलच (होडीचा प्रमुख) ठरवतो, बावटा कोणाचे हात धरत नाही. मुलांना हे पटतं, पण एवढ्याने भागतं का? वर्गात बहुतेक मुलं कॅथलिक आहेत, दोघं-तिघं प्रॉटेस्टंट घरांतली. कोणते उतारे घ्यावेत आणि गाडी कुठे अडते, जाणकारांनी सांगावं.

पाचूबंदर
बंधन वेगळं आणि बळजबरी वेगळी, हे बावट्यावरून छान कळतं. तेवढ्यापुरतं उदाहरण ठेवा. दगडाला कोणी आज्ञा करत नाही. संत थॉमस अक्वायनसचा युक्तिवाद हाच आहे : माणसाला इच्छास्वातंत्र्य नसतं तर उपदेश, आज्ञा, मनाई, बक्षीस, शिक्षा हे सगळं व्यर्थ ठरलं असतं.

उणीव अशी की बावटा नुसता इशारा देतो. आज्ञेमागे आज्ञा देणारा असतो. निर्गम २०:३ (बायबलमधल्या निर्गम ग्रंथाचा विसावा अध्याय, तिसरं वचन) पासून वाचायला सुरुवात केली की दहा आज्ञा नगरपालिकेच्या फलकासारख्या वाटू लागतात. २०:२ आधी वाचा : मिसर देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा मी परमेश्वर. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. गुलामाला 'निवड' म्हणत नाहीत, सोडवलेल्याला म्हणतात. त्यानंतर बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या ग्रंथातलं ३०:१९ घ्या, 'जीवन निवड'.

बेन सीरा १५:१४-१७ याहून स्पष्ट आहे, पण तो ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्या मुलांच्या हातातल्या प्रतीत तो सापडणार नाही आणि तास त्याच वादात संपेल. आज्ञांचे क्रमांकही सांभाळा : 'खून करू नको' ही कॅथलिक आणि लुथरन मोजणीत पाचवी, इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहावी.

मिऱ्या_किनारा
इथवर सगळं मान्य, पण खरा वाद याच्यापुढे आहे. बावटा दिसला, तांडेलाला परतायचंही आहे, पण सुकाणूच मोडलं असेल तर? संत पौलाचं दुखणं तेच (रोमकरांना लिहिलेलं त्याचं पत्र, रोम ७:१५-१९) : जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही. 'तू हे कर' म्हटल्यावर 'तुला हे जमतं' हे आपोआप सिद्ध होत नाही.

१५२४ मध्ये कॅथलिक विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, तेव्हा बेन सीराचा तोच उतारा पुढे केला. १५२५ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन लुथर याचं उत्तर आलं : आज्ञा माणसाने काय करावं ते दाखवते, त्याच्यात किती बळ आहे ते नव्हे. नियमशास्त्राने पापाची जाणीव होते (रोम ३:२०). रोजच्या व्यवहारात, म्हणजे काय विकावं, कुठे राहावं यात, माणूस निवड करतो हे लुथरही नाकारत नाही. तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, बाबतीत मात्र इच्छा बांधलेली आहे, असं तो म्हणतो. प्रॉटेस्टंट मुलांना हे घरून माहीत असेल, त्यांना चूक ठरवू नका.

रेवदंडा_वाचक
सुकाणूच्या मुद्द्यावर दोन वचनं शेजारी ठेवून वाचावीत. यहेज्केल १८:३१ : 'आपणांसाठी नवं हृदय करा.' आणि ३६:२६ : 'मी तुम्हांला नवं हृदय देईन.' जे मागितलं तेच देऊही केलं! संत ऑगस्टीनची प्रार्थना याच अंगाची आहे : तू जे सांगतोस ते करण्याचं बळ दे, मग हवं ते सांग. त्याच काळातला ख्रिस्ती उपदेशक पेलाजियस याला हे वाक्य खपलं नाही. माणूस स्वबळावर आज्ञा पाळू शकतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि ४१८ च्या कार्थेज धर्मसभेने ते नाकारलं.

कॅथलिक शिकवण दोन्ही टोकं टाळते. सुरुवात देवाच्या कृपेचीच, असं ५२९ ची ऑरेंज धर्मसभा सांगते. आद्यपापाने, म्हणजे आदामाच्या पहिल्या पापाने, इच्छा दुबळी झाली पण मेली नाही, आणि कृपेत असलेल्याला आज्ञा पाळणं अशक्य नाही, असं १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने सांगितलं. कृपा आणि इच्छा आतून नेमक्या कशा जुळतात यावर डोमिनिकन आणि जेझुइट हे कॅथलिक धर्मसंघ बरीच वर्षं भांडले. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निर्णय न देताच चर्चा थांबवली. मुलांना हे जरूर सांगा. चर्चनेच जे मोकळं ठेवलं, त्याचं उत्तर आपल्याकडे असल्याचा आव शिक्षकाने आणू नये.

अर्नाळा_धर्मशिक्षण
सर्वांचे आभार. पुढचा प्रश्न कोळीवाड्यातल्या मुलांचा : बोट आठ-दहा दिवस समुद्रात, रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चुकते. तिथे प्रभूचा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा मोडली असं म्हणायचं का?

पाचूबंदर
नाही. अशक्य गोष्टीचं बंधन कोणावरच नसतं. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात : गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती. समुद्रात असलेल्याकडे तिसरी नाही. भीती, बळजबरी, अज्ञान, जडलेली सवय यांनीही जबाबदारी कमी होते, कधी पूर्ण जाते. इच्छास्वातंत्र्य पुस्तकी नाही हे मुलांना इथेच कळेल, कारण पापनिवेदनात नेमकं तेच तपासलं जातं.

मात्र रविवारी पहाटे निघणाऱ्याला शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते, चर्चच्या कायद्यातलं कलम १२४८ तसं सांगतं. योग्य कारण असेल तर पॅरिशचे धर्मगुरू सूटही देऊ शकतात (कलम १२४५), ती आधी मागावी. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या रविवारी समुद्राचं कारण चालणार नाही.