खावटी ठरली २०१९ ला, पाय मोडला २०२५ ला. रक्कम कमी करून मिळते का?

येलदरीकडचा:

नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यातला. पुढच्या महिन्यात तारीख आहे, म्हणून विचारतोय.

आमची फारकत झाली. २०१९ ला कोर्टानं दोन लेकरांची मिळून महिना ७,००० खावटी ठरवली, पोरीला ३,५०० आणि पोराला ३,५००. त्यांच्या आईनं स्वतःसाठी एक रुपया मागितला नव्हता. ती सेलूला माहेरी राहते, शिवणकाम करते. तेव्हा मी वाळूजला कामगारांची बस चालवायचो, हातात १९,५०० यायचे. सहा वर्षांत एक महिना चुकवला नाही. लॉकडाऊनमध्ये बस उभी होती तेव्हा बैलजोडी मोंढ्यात नेऊन विकली, पण पैसे टाकले.

२०२५ च्या जूनमध्ये रात्री मोटारसायकलवर गावाकडं येत होतो. रस्त्यात ट्रॉली उभी, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. डावी मांडी मोडली, आत रॉड आहे. क्लच दाबला की गुडघ्यापासून कमरेपर्यंत कळ जाते, पाय तसाच थरथरत राहतो. ठेकेदारानं दोन महिने वाट पाहिली आणि दुसरा ड्रायव्हर घेतला. साठवलेल्यातून ऑगस्टपर्यंत पूर्ण खावटी भरली. मग म्हटलं सोयाबीन आलं की मागचं-पुढचं सगळं भरू. दोन एकर कोरडवाहू आहे माझ्या नावावर. सप्टेंबरचा पाऊस तुम्ही सगळ्यांनी पाहिलाच. शेंगांना झाडावरच मोड आले. साडेतीन क्विंटल निघालं, तेही काळं पडलेलं. हमीभाव ५,३२८ होता, आडत्यानं माल मुठीत धरून ३,४०० सांगितले.

सप्टेंबर ते जानेवारी पाच महिन्यांचे ३५,००० होतात. त्यातले दोनदा दोन-दोन हजार टाकले. ३१,००० थकले. तिनं वसुलीचा अर्ज टाकला, समन्स आलंय.

गावातला एक जण म्हणतो, आता काहीच टाकू नको, थोडं टाकलं की ऐपत आहे असं दिसतं. दुसरा म्हणतो, कमी करायचा अर्ज दे, मागचं आपोआप माफ होतं. खरं काय? आणि दुसरी गोष्ट, जी गावात कुणाला विचारता येत नाही. पोरगी आठवीत आहे. कोर्टात जाऊन "माझ्या लेकरांचे पैसे कमी करा" असं बापानं म्हणायचं कसं?

सेलूची शिवणवाली:

भाऊ, मी तुमच्या घरातली नाही, पण मी त्याच बाजूची आहे. मीही शिवते आणि माझ्याही दोन लेकरांची खावटी आहे. २०१६ ला माझी रक्कम प्रत्येकी १,५०० ठरली होती. ती वाढवून घ्यायला मी अर्ज टाकला आणि चौदा महिने तारखांना गेले. म्हणून बाईच्या मनात काय चालतं ते सांगते.

पैसे कमी आले त्याचा राग येतो, पण तो जातो. राग राहतो तो न सांगितल्याचा. माझ्या लेकरांचा बाप चार महिने गप्प होता. पाच तारीख आली की मी बँकेचा मेसेज बघायची, मशीनवर बसलेली असले तरी डोळे मोबाइलवर. शाळेच्या फीसाठी मी सोन्याचे मणी मोडले त्याच आठवड्यात त्यानं भावाच्या नावावर दुकान टाकलेलं मला कळलं. तुमचं तसं नाही हे तिला कसं कळणार? तुम्ही पाय मोडल्याचं तिला सांगितलं का? तुमच्या लिहिण्यात ते कुठंच नाही.

गावातल्यांचं ऐकून शून्य टाकू नका. हजार जमले तर हजार टाका, पण खात्यावर, आणि खाली लिहा: "जानेवारीची खावटी". रोख देऊ नका. आमच्या प्रकरणात त्यानं जत्रेत पोराला दिलेले पैसेसुद्धा खावटीत धरा म्हणून सांगितलं, आणि एकाचाही पुरावा नव्हता.

आणि लाज वाटून घेऊ नका. मी वाढवून मागितली तेव्हा मलाही लोक लोभी म्हणाले. लेकरू तिसरीतून आठवीत गेलं की चपलेचा नंबरही वाढतो, हे त्या लोकांना दिसत नाही. तुमचा मोडलेला पाय ही तितकीच खरी गोष्ट आहे.

नवा मोंढा:

सोपं आहे. दोन एकर भावाच्या नावावर करून टाका. सातबारा कोरा, मग कोर्ट काय घेणार?

येलदरीकडचा:

नाही करणार. ती दोन एकर उद्या त्या पोराचीच आहे.

निवृत्त शिरस्तेदार, हिंगोली:

चांगलं उत्तर दिलंत. माझी सगळी नोकरी कोर्टात झाली. खावटीची प्रकरणं मी टेबलावर इतकी पाहिली की काही नवरे मला चेहऱ्यानं ओळखायचे. नीट वाचा.

तुमचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असणार. त्यात बदल मागायचं कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात खावटीचं कलम १४४ आणि बदलाचं कलम १४६. अर्ज ज्या कोर्टानं आदेश दिला तिथंच टाकायचा. सिद्ध काय करायचं, तर आदेशानंतर परिस्थिती बदलली एवढंच. २०१९ चा आदेश चुकीचा होता असं एक वाक्यही लिहू नका. तो त्या दिवशी बरोबर होता.

आता जिथं माणसं फसतात ती जागा. वसुलीच्या प्रकरणात जाऊन "साहेब, पाय मोडलाय" असं म्हणणं दिलं म्हणजे रक्कम कमी झाली, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. वसुलीचं प्रकरण वेगळं, बदलाचा अर्ज वेगळा, त्याला नंबर वेगळा. कोर्ट बदलत नाही तोवर दर महिन्याला सात हजार चढतच राहतात, तुम्ही अंथरुणाला खिळलेले असलात तरी. म्हणून पाय मोडला त्याच महिन्यात अर्ज पडायला हवा होता. तुमचे सहा-सात महिने गेले. कमी झालीच तर अर्जाच्या आधीचे महिने त्यात येतील असं धरू नका. थकलेले ३१,००० द्यावेच लागतील असं समजून हप्ते बांधून मागा. हप्ते बऱ्याचदा मिळतात.

पैसे न भरल्यास वॉरंट निघतं आणि एकेका थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ती भोगली म्हणजे देणं फिटलं, असाही समज आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय की कैदेनं देणं संपत नाही. पण कायद्यात "पुरेसं कारण नसताना" असे शब्द आहेत, म्हणून दवाखान्याचे कागद वसुलीच्या तारखेलाही सोबत न्या.

कागद म्हणजे काय? डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्र मिळत असेल तर ते. ठेकेदाराकडून काम सुटल्याचं पत्र. तो देत नसेल तर पगार यायचा बंद झाला ते पासबुकाचं पान आणि पीएफचा उतारा. सातबारा, आठ-अ, पीक पाहणीची नोंद, नुकसानीचा पंचनामा, आडतीची पट्टी. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात नुकसानीचं सरकारी अनुदान आलं असेल तर तेही लिहा. लपवलेले दोन हजार सापडले की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. मी हे समोर पाहिलंय.

एक कडू गोष्टही ऐका. धडधाकट माणसानं अंगमेहनत करून लेकरं पोसली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येही म्हटलंय. समोरचा वकील हेच म्हणेल. बस चालवता येत नाही हे पुरेसं नाही, बसून करायचं कोणतं काम करता येईल हेही सांगा. शिवाय लेकरांचा खर्च २०१९ पेक्षा वाढलाय, तीही परिस्थितीतला बदलच, आणि त्यांची आई उलट वाढीचा अर्ज टाकू शकते. म्हणून कायमची कमी मागण्यापेक्षा पाय सावरेपर्यंत कमी मागा.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या आवारातच असते. बायका आणि लेकरांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दिव्यांगांना आणि पुराचा फटका बसलेल्यांनाही १९८७ च्या विधी सेवा कायद्यात जागा आहे. फोन करायचा तर १५१००.

सेलूची शिवणवाली:

काका, एक विचारू? दोघांचं आपसांत जमलं तर?

निवृत्त शिरस्तेदार, हिंगोली:

फार चांगलं. पण ओट्यावर बसून ठरलेलं ओट्यावरच राहतं. दोघांच्या सहीची तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात द्यायची आणि त्यावर आदेश घ्यायचा. नाहीतर दोन वर्षांनी एकाला आठवतं, एकाला आठवत नाही.

येलदरीकडचा:

बारा दिवसांनी लिहितोय. ताई, तुम्ही बरोबर ओळखलं. मी तिला सांगितलं नव्हतं. पाय मोडला हे सोयऱ्यांकडून तिला कळलं असेल असं धरून बसलो होतो. तिला कळलं होतं ते एवढंच, की किरकोळ लागलंय.

परवा फोन केला. आधी ती काहीच बोलली नाही. मग एक्स-रे चा फोटो पाठव म्हणाली. पाठवला. अर्ध्या तासानं पोरीचा फोन आला, "पप्पा, तो रॉड काढणार का आतच राहणार?" तिनं फोटो मोठा करून स्क्रू मोजले होते. सहा आहेत म्हणाली. मी कधी मोजले नव्हते.

काका, समितीतून वकील मिळाले, बाई आहेत. बदलाचा अर्ज सोमवारी पडला. वर्षभरासाठी ४,००० करा आणि थकलेले ३१,००० महिना दीड हजारानं घ्या, असं मागितलंय. शपथपत्रात अनुदानाची रक्कम लिहिली. गावात पतसंस्थेला एक माणूस हवाय, बसून हिशेब करायचं काम आहे, तेही लिहिलं. जानेवारीचे १,५०० खात्यावर टाकले, खाली तसंच लिहून.

ती पुरसिस द्यायला अजून हो म्हणाली नाही. वकिलाला विचारून सांगते म्हणाली. १८ तारखेला दोघंही सेलूच्या कोर्टात असू. एसटीची पायरी चढायला अजून दोन्ही हात लागतात, म्हणून आदल्या दिवशीच निघणार आहे.