‘अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अनुवादात मी ‘योगात्मक उत्पादन’ असा शब्द वापरला, पण वाचकांना तो गणितातला वाटला. ‘त्रिमितीय मुद्रण’ म्हणावे, तर त्यात छापण्यासारखे काय आहे?

उत्तर : ‘योगात्मक’ शुद्ध आहे, परंतु द्रव्यात द्रव्याची भर पडते हा अर्थ त्यातून मनात उतरत नाही. लेथवर धातू तासतात, साच्यात ओततात, घणाखाली घडवतात. इथे मात्र संगणकातील आकृतीचे आडवे काप पाडून त्या कापांबरहुकूम द्रव्य एकावर एक चढवले जाते.

‘मुद्रण’ मात्र वाटते तितके परके नाही. अमेरिकी अभियंते चक हल यांनी १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा अतिनील प्रकाशाने द्रवरूप राळ थराथराने घट्ट करण्याच्या आपल्या पद्धतीला त्यांनी ‘स्टीरिओलिथोग्राफी’ म्हटले, आणि लिथोग्राफी म्हणजे आपली शिळाछाप. म्हणजे छपाईची कल्पना या तंत्राच्या नावात आरंभापासूनच आहे. पुढे १९८९ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत भुकटीच्या थरावर इंकजेटप्रमाणे चिकटद्रव्याचे थेंब सोडण्याची पद्धत निघाली, तिला ‘त्रिमितीय मुद्रण’ हे नाव अक्षरशः लागू पडत होते. तेच नाव नंतर वितळलेल्या प्लॅस्टिकचा धागा अंथरणाऱ्या यंत्रांनाही चिकटले. म्हणून बोलण्यात ‘थ्रीडी प्रिंट काढणे’ खुशाल राहू द्यावे.

शास्त्रीय लेखनासाठी मी ‘थरनिर्मिती’ सुचवतो. ०.२ मिलिमीटर जाडीच्या थरांनी केलेल्या २० मिलिमीटर उंच ठोकळ्यात शंभर थर असतात; त्याच्या बाजूवरून नख फिरवले की बारीक कंगोरे लागतात, आणि थरांच्या आडव्या दिशेपेक्षा उभ्या दिशेने ताण दिला, तर तो बहुधा दोन थरांच्या सांध्यातच सुटतो. वस्तूचे रूप आणि तिचे दुबळेपण दोन्ही थरातच असल्यामुळे हा शब्द मला मोलाचा वाटतो.

एक आक्षेप रास्त आहे : आंतरराष्ट्रीय मानकातील व्याख्या ‘सामान्यतः थरावर थर’ असे म्हणते, म्हणजे थर अनिवार्य नाहीत. तरीही प्रचलित पद्धतींपैकी बहुतेक या शब्दात बसतात. मात्र ‘थरांची निर्मिती’ असा विग्रह होऊ नये. तो ‘थरांनी केलेली निर्मिती’ असा तृतीया तत्पुरुष आहे, हे पहिल्या वापराच्या वेळी कंसात सांगावे.