जुनी होंडा सिटी की नवी छोटी एसयूव्ही? ‘सेडानचे दिवस गेले’ म्हणणाऱ्यांना उत्तर

घाटमाथा

परवा इथेच, या गाड्यांच्या फोरमवर, एका सदस्याने ठासून लिहिलं: "मिडसाइज सेडानचे दिवस गेले. त्यात सेकंडहँड सेडान म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. तेवढ्याच पैशात नवी कोरी छोटी एसयूव्ही येते, उंच बसता येतं, वॉरंटी मिळते." खाली होकारांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो. पण घरच्यांसाठी गाडी शोधणारं कुणीतरी हे वाचून पैसे मोजेल, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे 2021 ची होंडा सिटी आहे, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली मिडसाइज सेडान, पाचव्या पिढीची, पेट्रोल मॅन्युअल. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच मालकाकडून पावणेदहा लाखांना घेतली, रनिंग 31,000. त्याआधी तीन छोट्या एसयूव्ही पाहिल्या होत्या. वडील व्हीलचेअरवर असतात. घडीची खुर्ची, तिचे पाय ठेवायचे दोन सुटे भाग आणि चौघांच्या दोन दिवसांच्या बॅगा, एवढं कायमचं सामान. शोरूमला जाताना ते सगळं बरोबर नेलं होतं. छोट्या गाडीच्या डिकीत खुर्ची ठेवली की वर एकच बॅग राहायची आणि तीही मागच्या काचेच्या वर डोकं काढायची. सिटीची डिकी 506 लिटरची. खुर्ची तळाशी सपाट बसते, वर तीन बॅगा, आणि झाकण एका हाताने बंद होतं.

छोट्या गाडीची डिकी आखूड का? चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी लागतो. इंजिन कापता येत नाही, माणसांचे पाय कापता येत नाहीत, मग कात्री डिकीवर चालते. सिटी साडेचार मीटरहून लांब आहे आणि ती लांबी माझ्या वडिलांच्या कामी येते. शिवाय 1498 सीसीचं 121 पीएस ताकदीचं इंजिन. पाच माणसं, एसी चालू, खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरवर कुरकुर नाही. हे सगळं सोडून फक्त ‘उंच बसता येतं’ म्हणून नवी गाडी घ्यायची?

तांबडी माती

तुमचा रस्ता हायवेचा दिसतोय, म्हणून हे सुचतंय. आमच्या गावात शिरायला मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आणि त्यात अकरा स्पीडब्रेकर. मोजून अकरा. आमच्याकडे आठ वर्षं सेडान होती, कंपनीचं नाव घेत नाही. गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन निघालो की प्रत्येक ब्रेकरवर मागच्या तिघांना उतरवायचं, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा बसवायचं. एका रात्री पावसात ब्रेकर दिसलाच नाही. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला, सगळं ऑइल रस्त्यावर. आई, दोन लहान पोरं आणि मी, टोइंगवाला येईपर्यंत तीन तास. तुमची 506 लिटरची डिकी त्या रात्री काय कामाची होती?

आणि आईचे गुडघे. सेडानमध्ये बसताना ती खाली पडल्यासारखी बसायची, उठताना दोन माणसांनी हात द्यायचा. तुमचे वडील खुर्चीवर आहेत म्हणता, मग त्यांना खालच्या सीटवरून उचलताना तुमची कंबर जात नाही?

घाटमाथा

वडिलांचं विचारलंत म्हणून सांगतो. खुर्चीची सीट आणि गाडीची सीट यांत फरक जितका कमी, तितकं सरकवणं सोपं. उंच गाडीत त्यांना वर उचलावं लागलं असतं. सिटीत थोडं खाली, पण सरकवता येतं. बाहेर काढताना जोर लागतो, ते खोटं बोलणार नाही.

ब्रेकरवर गाडी तिरकी घ्यायची. एकेक चाक चढवलं की बूड लागत नाही.

तांबडी माती

समोरून एसटी येत असताना एकेरी रस्त्यावर गाडी तिरकी घालून दाखवा. मग शिकवा.

रस्तेमोजणी

मी स्थापत्यवाला, म्हणून मध्ये पडतो. तुमच्या दोघांच्या भांडणात गाडीचा काही दोष नाही.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी 99 म्हणून मानक आहे. त्यात गोलाकार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, वक्राची त्रिज्या 17 मीटर. सिटीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर आहे 2.6 मीटर. म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं ब्रेकरच्या अंगावरच असतात. वर्तुळखंडाचा साधा हिशेब करा: 2.6 चा वर्ग भागिले 17 च्या आठपट. उत्तर येतं पाच सेंटीमीटर. पोटाखाली एवढीच जागा लागते. रिकाम्या सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, 165 मिलिमीटर. पाच माणसं आणि सामान भरून चार-पाच सेंटीमीटर खाली बसली तरी दुप्पट जागा शिल्लक.

बूड घासतं ते रात्रीतून ओतलेल्या डांबराच्या बांधांवर. रुंदी हातभर आणि उंची गुडघ्यापर्यंत. त्याला गतिरोधक म्हणू नका.

तांबडी माती

साहेब, तुमचं गणित बरोबर असेल. आमचा रस्ता तुमच्या कागदावर नाही. गाडी मी कागदावर चालवत नाही.

रस्तेमोजणी

तेच तर माझं दुखणं आहे! सगळा देश चुकीच्या ब्रेकरसाठी उंच गाड्या विकत घेतोय. ब्रेकर नीट करण्यापेक्षा प्रत्येकाने लाख-दीड लाख जास्त मोजायचे, ही कुठली रीत? ब्रेकरआधी पाटी नाही, पांढरे पट्टे नाहीत. माझ्या सख्ख्या काकांचा मणका अशाच एका बांधाने गेला. रिक्षात मागे बसले होते. त्यांना कुठली एसयूव्ही वाचवणार होती?

मागची सीट

अहो, विषय गाडीचा आहे. ब्रेकरचा वेगळा धागा काढा, मी स्वतः त्यावर लिहीन.

गाडी निवडताना मागे बसणाऱ्याला कुणी विचारत नाही. मी बारा वर्षं मागे बसते, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मुलीची चाइल्ड सीट. छोट्या उंच गाडीत तीन माणसं मागे बसली की खांद्याला खांदा भिडतो. वळणावर गाडी झुकते, सासूबाईंना मळमळतं. सिटी आणि व्हर्नासारख्या गाड्या बुटक्या, वजन जमिनीजवळ, म्हणून घाटात कमी झुलतात. आंबा घाट दोन्ही प्रकारच्या गाड्यांतून केलाय, म्हणून बोलते.

सुरक्षेचं कुणीच काढलं नाही. चौथ्या पिढीच्या सिटीला ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आदळून घेतलेल्या सुरक्षा चाचणीत, पाचपैकी चार तारे होते. फोक्सवॅगन व्हर्टस आणि ह्युंदाई व्हर्ना यांना 2023 मध्ये पाच मिळाले. पण काही छोट्या एसयूव्हींनाही पाच आहेत, डिझायरलाही 2024 मध्ये पाच मिळाले. तेव्हा ‘सेडान म्हणजे सुरक्षित’ किंवा ‘उंच म्हणजे सुरक्षित’ दोन्ही चूक. मॉडेल आणि व्हेरियंट बघा. जुनी गाडी घेताना एअरबॅग दोन आहेत की सहा हे आधी विचारा, सनरूफ नंतर.

हिशेबनीस

घाटमाथा, तुमचा सौदा दोन वर्षांपूर्वीचा आहे. आज तो जसाच्या तसा सांगणं बरोबर नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के. सिटीसारख्या लांब गाड्यांवर 40 टक्के. आधी सिटीवर 28 अधिक 17 उपकर, म्हणजे 45 होता. सिटीचा कर पाचने उतरला, छोट्यांचा दहाहून जास्त. नव्या छोट्या गाडीची किंमत खाली आली की त्याच पैशातल्या जुन्या सेडानचं आकर्षण कमी होणारच. जुन्यांचे भावही त्यामुळे उतरायला हवेत. विकणारा अजून आधीचाच भाव सांगत असेल तर उठून यायचं.

दुसरं, जुन्या गाडीला कर्ज महाग पडतं. व्याजाचा दर नव्यापेक्षा जास्त, मुदत कमी. तुम्ही रोख दिले असतील, सगळ्यांकडे नसतात.

घाटमाथा

कराचा मुद्दा मान्य. भाव करताना हे हाताशी धरलंच पाहिजे, आणि मी ते वर लिहायला हवं होतं. कर्ज मी तीन लाखांचं घेतलं होतं आणि दर खरंच बोचला. पण कर कमी झाला म्हणून छोट्या गाडीची डिकी मोठी झाली नाही. माझा प्रश्न खुर्चीचा होता.

पाना-पकड

गॅरेजमध्ये बावीस वर्षं झाली. नवी की जुनी यावर माझं मत नाही. पण जुनी घ्यायला निघालेली माणसं नंतर माझ्याकडे रडत येतात, म्हणून चार गोष्टी.

गाडी बघायला सकाळी जा आणि बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीये. थंड इंजिनाचा पहिला सेल्फ तुमच्या कानाने ऐका. सिटीच्या आय-व्हीटेक इंजिनाला झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन आहे, पट्टा नाही. चालू होताना खडखड दोन-तीन सेकंदांहून जास्त राहिली तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही असं समजा.

सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ रेघ किंवा मातीचा वास आला तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. कार्पेट बदलतात, सीट धुतात, बेल्टचं शेवटचं टोक कुणी धूत नाही. मागच्या वर्षी अशीच एक गाडी आली होती, आतून चकाचक. बेल्ट ओढला तर बोटाला चिखलाची पावडर लागली. गिऱ्हाइकाने पैसे आधीच दिले होते.

डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचला, खालच्या पत्र्याच्या सांध्यांवरचा कंपनीचा मूळ सीलर बघा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तर विचारा का खोलला. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटर 25,000 दाखवतंय आणि चारही टायर गाडीच्या वर्षानंतरचे निघाले तर सर्व्हिसचा रेकॉर्ड काढा. मीटर मागे फिरवता येतं. पेडलचं झिजलेलं रबर फिरवता येत नाही.

मागची सीट

दादा, कागदांचंही सांगा. आम्ही तिथेच फसलो. कर्ज फिटलं होतं, पण बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, नव्हती. आरसीवरचा (नोंदणी पुस्तकावरचा) कर्जाचा बोजा उतरायला चार महिने गेले.

हिशेबनीस

बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय विकणाऱ्याला शेवटची रक्कम द्यायची नाही. गाडी नावावर करायला, म्हणजे ट्रान्सफरला, फॉर्म 29 आणि 30. आणि विमा! आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडे राहतो. पॉलिसी नावावर करायला ट्रान्सफरपासून चौदा दिवस. लोक महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या नावच्या विम्यावर फिरतात आणि अपघात झाला की कपाळाला हात लावतात.

तांबडी माती

सगळं वाचलं. पाना-पकड यांचं लिहिणं जपून ठेवलं. पण एवढं सगळं तपासायचं असेल तर सामान्य माणसाने नवी गाडी का घेऊ नये? मला बेल्ट ओढायचे नाहीत, बोल्ट बघायचे नाहीत. मला माझ्या आईला घेऊन गावी जायचंय. वॉरंटीत मला रात्रीची झोप मिळते, तिची किंमत तुमच्या हिशेबात कुठे आहे?

घाटमाथा

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. झोप ज्याची त्याची. गाडी पाहायला मी तीन रविवार आणि एक मेकॅनिक खर्ची घातला, ते सगळ्यांना जमणार नाही. माझी तक्रार ‘दुसऱ्याचं दुखणं’वाल्या सुरावर आहे, तुमच्यावर नाही.

मात्र एक. तुमच्या ब्रेकरची उंची मोजली का कधी? छोट्या एसयूव्हींचा क्लिअरन्स साधारण 190 ते 210 मिलिमीटर. पाच माणसं बसली की त्याही खाली बसतात. उंच गाडी घेऊनही घासली तर पैसे गेले आणि ब्रेकर तिथेच.

रस्तेमोजणी

टेप लावाच. उंची आणि रुंदी दोन्ही, फोटोसकट. मानकाचा उतारा मी देतो, अर्ज लिहून देतो. गावच्या पन्नास सह्या घ्या.

तांबडी माती

आज संध्याकाळी भावाला घेऊन जाऊन मोजलं. शाळेपुढचा सगळ्यात वाईट: उंची 19 सेंटीमीटर, रुंदी 70. त्यापुढचा 16 आणि 65. वडाखालच्याला पट्टे नाहीत, पाटी नाही. चेंबर फुटला होता तो हाच. बाकीचे आठ अंधारामुळे राहिले, उद्या सकाळी मोजतो.

रस्तेमोजणी, अर्ज पाठवा. शाळेसमोरचा काढू नका असं लिहा, तिथे पोरं रस्ता ओलांडतात. तुम्ही सांगितलेल्या मापाचा करून द्या म्हणावं.

गाडी मी उंचच घेणार. अर्जावर निर्णय व्हायला किती वर्षं लागतील ते मला माहीत आहे आणि आईला दिवाळीत गावी जायचंय.